दोरावरचं वजन

१

रंगनाथ सोळा वर्षं झाडांच्या छाटणीच्या कामावर होता, पण झाडावर तो एकदाही चढला नव्हता. त्याचं काम खाली उभं राहायचं. चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, तो वरच्या जाड बेचक्यावरून परत खाली घ्यायचा, बुंध्याला एक वेढा द्यायचा आणि शेवट हातात धरून थांबायचं. वरच्याने एक हिसका दिला की ढील द्यायची. दोन दिले की घट्ट धरायचं. तीन दिले की हळूहळू खाली सोडायचं. कुऱ्हाडीच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ही हातांची बोली.

उन्हाळा तापला की नाशिक रोडच्या वसाहतींमधून बोलावणी यायची. कुठे फांदी तारेला लागलेली, कुठे गॅलरीत घुसलेली. पावसाळ्याआधी ती उतरवायची. मुकादम खंडेराव सायकलवर पुढे निघायचा, मागून कुऱ्हाडी, कोयते आणि दोराचं भेंडोळं घेऊन रंगनाथ आणि मल्हारी. दोघंही सिन्नर फाट्याजवळच्या एकाच वस्तीतले. बारा वर्षांची जोडी. डोळे मिटून उभं केलं असतं तरी रंगनाथने सांगितलं असतं की दोराच्या टोकाला मल्हारी आहे. मल्हारी डाव्या कुशीवर रेलायचा आणि वजन एकदम टाकायचा नाही. दमलेला माणूस खाटेवर टेकतो तसं सावकाश टाकायचा.

एकोणऐंशी साली, बुद्धपौर्णिमेला चार दिवस उरले असताना, मल्हारी एका जांभळावरून पडला.

जांभळाच्या फांदीचा भरवसा नसतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. फांदी काडकन मोडली, हे खरं. पण कमरेला दोर होता. दोर धरलेला असता तर मल्हारी हातभर खाली येऊन लोंबकळला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या आणि परत कामाला लागला असता. त्या घटकेला रंगनाथ चार पावलांवर एक सायकल बाजूला घेत होता. "अहो, तेवढी सायकल सरकवा ना, फांदी पडेल तिच्यावर," असं एक बाई गॅलरीतून म्हणाल्या होत्या. बुंध्याला वेढा आहे, तेवढा वेळ राहील, असं त्याला वाटलं. मागून "रंगू!" अशी हाक आली आणि लगेच धान्याचं पोतं टाकल्यासारखा आवाज.

माणसं धावली. त्या गडबडीत, कोणाचं लक्ष नसताना, रंगनाथने दोर मुठीत आवळला आणि दोन्ही तळवे त्यावर कातडी सोलवटेपर्यंत घासले. ते हात त्याने खंडेरावपुढे धरले.

"धरला व्हता मुकादम. हातातनं सुटला."

खंडेरावने हात पाहिले आणि काही विचारलं नाही.

२

मल्हारी दोन आठवडे सरकारी दवाखान्यात होता. कमरेच्या वरचा मणका मोडला होता. पाय गेले, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, शकुबाईला, बाजूला घेऊन सांगितलं. मग त्याला घरी आणून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खाटेवर निजवलं.

रंगनाथ रोज कामावरून येताना तिथे थांबायचा. शकुबाई नवऱ्याच्या पायांना तेल चोळत असायची. ती जोर लावून चोळायची आणि मल्हारी दुसऱ्याच कोणाचे पाय चोळले जाताहेत अशा नजरेने बघायचा.

"कसं वाटतंय?" रंगनाथने एकदा विचारलं.

"पाठ खाटेवर हाय, ती कळती," मल्हारी म्हणाला. "पण तिच्या खाली काय लागत नाय. पाय लोंबत्यात."

"डॉक्टर म्हणाले, तसंच वाटतं," शकुबाई घाईने म्हणाली. "जाणीव नसली की तसं वाटतं."

"जाणीव नाय कशी? वारा लागतोय की." मल्हारीने आवाज खाली घेतला. "रंगू, मला अजून जमीन लागली नाय बघ."

रंगनाथने हात मांड्यांखाली सरकवले. तळव्यांवर आता नवी गुलाबी कातडी धरत होती. पडलेला माणूस काहीबाही बोलतो, मुका मार डोक्यालाही लागला असेल, असं त्याने घरी जाताना स्वतःला समजावलं. दार लोटलेल्या, पंखा नसलेल्या त्या खोलीत वारा कुठून आला, हे मात्र त्याला समजावता आलं नाही.

३

मल्हारीच्या जागी खंडेरावने झुंबरला आणलं. झुंबर घोटीकडचा, तिशीचा, वाळलेल्या काटकीसारखा बारीक. पाऊस पडला की तो भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावी जाणार होता, तोवर चार पैसे मिळवायला आला होता. चढायला मात्र माकड. पहिल्याच दिवशी मोठ्या कडुलिंबावर तो बघता बघता शेंड्याला गेला.

रंगनाथने दोर धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. वजन जास्त होतं. एवढ्याशा माणसाचं एवढं? बेचक्यात दोर काचत असेल, असं त्याने धरलं. नवीन माणूस, घाबरून सगळा भार दोरावर टाकत असेल. त्याने मूठ घट्ट केली. सायकलच्या दिवसापासून तो काम चालू असताना इकडेतिकडे बघतही नव्हता.

तासाभराने मागून कोणीतरी खांद्याला हात लावला.

"रंगूदादा, पाण्याची बाटली कुठं ठेवली?"

मागे झुंबर उभा होता. घामाने भिजलेला, बंडीला लिंबाचा पाला चिकटलेला.

"तू कधी उतरलास?"

"आत्ताच. खोडावरनं उतरलो. दोर सोडून फांदीवर ठेवलाय, परत चढायचंच हाय ना."

तो पाणी शोधायला गेला. रंगनाथ तसाच उभा राहिला. दोर त्याच्या हातात ताणलेला होता.

दोराचं टोक खुंटाला अडकलं असेल. त्याने हलकेच ओढून पाहिलं. अडकलेला दोर ओढला की मध्येच गचकन थांबतो. हा थांबला नाही. थोडा आला, आणि मग वरून तेवढाच परत ओढला गेला, सावकाश. दमलेला माणूस खाटेवर टेकतो तसा.

मग एक हिसका आला.

रंगनाथने वर पाहिलं. पानं, उन्हाचे कवडसे आणि तोडलेल्या फांदीची पांढरी जखम. दुसरं काही नव्हतं. त्याच्या हातांनी त्याला न विचारता वीतभर ढील दिली.

४

दुसऱ्या दिवशी त्याने खंडेरावकडून नवा दोर मागून घेतला. जुना झिजलाय, म्हणाला. झाडही वेगळं होतं, बाजारामागचा गुलमोहर. झुंबर चढण्याआधीच त्याने नुसता दोर बेचक्यावरून टाकला, दोन्ही टोकं खाली घेतली आणि त्यातलं एक हातात धरलं. दुसरं टोक त्याच्या डोळ्यांसमोर मातीत पडलेलं होतं. तरी हातातला दोर हळूहळू ताणला गेला. मातीतलं टोक हललंही नाही.

आपल्याला काहीतरी झालंय, असं त्याला वाटलं. रक्त कमी झालं की हाताला मुंग्या येतात, भास होतात. वस्तीतल्या कंपाउंडरकडून त्याने ताकदीच्या गोळ्या घेतल्या. त्या आठ दिवस खाल्ल्या. कामाच्या प्रत्येक दिवशी, प्रत्येक झाडावर, ते वजन होतं. झुंबर वर असला की त्याच्या वजनाशेजारी हे दुसरं. एक हलकं, चुळबुळं. दुसरं डाव्या अंगाला रेललेलं.

रविवारी तो मल्हारीकडे गेला तर शकुबाई दारातच होती. डोळे सुजलेले.

"भाऊजी, हे आज सकाळपासनं वरडत्यात. खाटेचा दांडा सोडत नायत. बोटं बघा कशी झालीत."

आत मल्हारी पालथा पडून दोन्ही हातांनी खाटेला आवळून धरून होता. पेरं पांढरी पडली होती.

"आज सुट्टी ना तुझी?" तो दातांतून म्हणाला. "सुट्टीच्या दिशी मी घसरतो."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस कोणतरी धरतंय. हितं, काखेखाली दोर काचतो. सकाळी आठला धरतंय, पाचला सोडतंय. कसंबसं फांदीला चिकटून रात काढतो."

शकुबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. रंगनाथ खाटेजवळ बसला. मग बांध फुटल्यासारखं बोलून गेला.

"मल्हारी, त्या दिशी माझा हात दोरावर नव्हता. मी सायकल उचलत व्हतो. हात मी मागनं घासले. खोटं बोललो सगळ्यांशी."

"माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? वरनं सगळं दिसतं." मल्हारीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. "अजून दिसतंय. काल दुपारी भाकर खाल्ल्यावर तू गुलमोहराच्या खोडाला कपाळ टेकून उभा व्हतास. रडत व्हतास का रं?"

काल दुपारी झुंबर आणि मुकादम चहाला गेले होते. झाडाखाली रंगनाथ एकटा होता.

"रंगू," मल्हारी म्हणाला, "पाऊस आला की कामं बंद. मग मला कोण धरंल?"

५

कामं संपत आली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खंडेराव म्हणाला, "एवढं एक उरकलं की यंदाची छाटणी संपली. ते जांभूळ तसंच अर्धं राहिलंय."

रंगनाथला नको म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला जायचंही होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला झुंबर जांभळावर चढला. आभाळ कोंदलेलं, पान हलत नव्हतं. वसाहतीत कुठेतरी रेडिओ चालू होता. पहिल्या बेचक्यापर्यंत झुंबर दिसत होता, मग पानांत गेला. कुऱ्हाडीचा आवाज आला नाही.

"रंगूदादा," वरून हाक आली. आवाज बारीक झाला होता. "माझ्या आधी कुणाला चढवलं का?"

"नाय. का रं?"

मग पाला सळसळला आणि झुंबर खोडावरून जवळजवळ घसरतच खाली आला. छाती सोलवटली होती. कमरेला दोर नव्हता.

"तिथं जागा नाय," तो म्हणाला.

"कसली जागा?"

"बसायला. तिथं बसलंय."

रंगनाथच्या हातात दोर ताणलेला होता. आजवर कधी नव्हता इतका. बुंध्याचा वेढा करकरत होता. एक हिसका आला. दुसरा आला. मग, थोडं थांबून, तिसरा.

खाली घे.

"घेतो," रंगनाथ मोठ्याने म्हणाला. "आलास तू. हळू ये." आणि त्याने दोर सोडायला सुरुवात केली, एका हाताने धरून दुसऱ्याने सोडत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढी सोपी गोष्ट होती ती. महिनाभर एक माणूस वर अडकलाय आणि त्याला उतरवून घ्यायचाय, बस्स.

ते बेचकं जमिनीपासून पंचवीस हात. पंचवीस हात दोर गेला. माणूस आता समोर दिसायला हवा होता. तीस हात गेला. पायाशी पडलेलं भेंडोळं गरागरा उलगडत कमी होत होतं. चाळीस. दोर बेचक्यावरून पलीकडे जात होता आणि पलीकडे खाली काहीच येत नव्हतं. पन्नास हातांना रंगनाथने मान वर केली.

पानांच्या दाटीत दोन तळपाय होते. भेगाळलेले, राखाडी, उजव्या टाचेला कोयत्याचा जुना व्रण. तो व्रण झाला त्या दिवशी रंगनाथनेच त्यात हळद भरली होती. पाय मंद हलत होते, विहिरीत उतरणारा माणूस तळ चाचपतो तसे. दोर सुटत होता, आणि पाय होते तिथेच होते.

शेवटचा हातभर दोर उरला. वेढा निघून गेला. आता सगळा भार रंगनाथच्या मुठीत आला आणि त्याच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"दादा, सोड!" झुंबर ओरडला.

"सोडलं तर मरंल तो!"

"कोण मरंल? अरे, तूच चाललास वर!"

रंगनाथचा अंगठाच तेवढा मातीला लागलेला होता. झुंबरने त्याच्या कमरेला एका हाताने मिठी घातली, दुसऱ्या हाताने कोयता उचलला आणि रंगनाथच्या मुठीच्या वर एकच घाव घातला.

दोघेही कोसळले. तुटलेला दोर सापासारखा सळसळत वर गेला, बेचक्यावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. पडल्याचा आवाज झाला नाही. रंगनाथ कान देऊन ऐकत राहिला. रेडिओवर कोणीतरी बाजारभाव सांगत होतं.

६

मुकादमाची सायकल घेऊन तो वस्तीत पोचला तेव्हा मल्हारीच्या दारात गर्दी होती. आतून ओरडणं ऐकू येत होतं. मेलेला माणूस ओरडत नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं, आणि तो माणसं सारत आत घुसला.

मल्हारी खाटेवर उताणा होता. दोन्ही टाचा फुगून काळ्यानिळ्या पडल्या होत्या.

"बसल्या जागी झालं हो," शकुबाई म्हणाली. "मी हितंच तांदूळ निवडत व्हते. एकदम खाट दणकली आणि यांनी किंकाळी फोडली."

टांग्यात घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"दोन्ही टाचांची हाडं चुरा झालीत. उंचावरून पायांवर पडलं की अशी मोडतात. कुठून पडले?"

"पडले नाय साहेब. खाटेवरच व्हते."

"बाई, खरं सांगा. उपचार मलाच करायचेत."

"खरंच सांगते. महिना झाला, उठून बसले नायत."

डॉक्टरांनी तिच्याकडे, मग रंगनाथकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी टाचणी काढून मल्हारीच्या अंगठ्याला टोचली. मल्हारीने पाय झटकला. डॉक्टर पुन्हा टोचत राहिले, एकेका बोटाला, आणि प्रत्येक वेळी मल्हारी कळवळत होता. सूज उतरली की कधीकधी जाणीव परत येते, असं ते म्हणाले खरे, पण ते स्वतःलाच सांगितल्यासारखं.

रंगनाथ वाकला तेव्हा मल्हारीने त्याची मान धरून त्याला जवळ ओढलं. तो रडत होता आणि हसत होता.

"दुखतंय रंगू. आई गं, लय दुखतंय. जमीन कसली कडक असती रं!"

७

पाच वाजले होते. मुकादमाची सायकल परत करायची होती, कुऱ्हाडी तिथेच पडल्या होत्या. रंगनाथ वसाहतीकडे निघाला. कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली होती. वाटेत त्याने केळी घेतली, झुंबरसाठीही घेतली. त्याचे उपकार झाले होते. उद्यापासून पाऊस पडो की न पडो, दोराला पुन्हा हात लावायचा नाही, हमाली करू, विटा वाहू, असं तो मनाशी ठरवत होता. सायकल चालवता चालवता त्याला एकदा मोठ्याने हसूही आलं.

जांभळाखाली खंडेराव कमरेवर हात ठेवून उभा होता.

"बरं झालं आलास. याला काय झालंय बघ. दुपारपासनं उठत नाय. मी धरून उठवायला गेलो तर चावायला धावला."

झुंबर बुंध्याला पाठ टेकून बसला होता. पाय लांब पसरलेले. जमिनीवर आलेली जांभळाची मुळं त्याने दोन्ही बाजूंनी मुठीत आवळली होती, आणि पेरं पांढरी झाली होती.

"झुंबर, मल्हारी बरा हाय," रंगनाथ म्हणाला. "पायाला कळतंय त्याला. तुझ्यामुळं झालं. हे बघ, केळी आणलीत."

झुंबरने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या पायांच्या बोटांपलीकडे बघत होता. तिथे दोन वितींवर साधी माती होती, चार वाळकी पानं, एक मुंग्यांची रांग. विहिरीच्या काठावरून आत बघावं तसा तो त्या मातीकडे बघत होता.

"दादा," ओठ न हलवता तो म्हणाला, "लय खोल हाय रं खाली."

"अरे, जमिनीवर बसलायस तू."

"बोलू नको. हलतंय."

रंगनाथच्या हातातली केळी खाली पडली. तो हळूच गुडघ्यांवर बसला, मग सरकत सरकत झुंबरच्या मागे गेला आणि त्याने दोन्ही हात त्याच्या काखेतून घालून त्याला छातीशी धरलं. काटकीएवढा माणूस. त्याचं वजन खाली, अगदी सरळ खाली ओढत होतं. मातीवर बसलेल्या माणसाचं वजन तसं ओढत नाही.

"सोडू नको," झुंबर म्हणाला.

"नाय सोडत."

गॅलरीत एक बाई वाळलेले कपडे काढत होत्या. त्या क्षणभर थांबून बघत राहिल्या आणि आत गेल्या. खंडेराव वैतागला होता. पाऊस यायच्या आत सामान आवरायचं होतं.

"काय चाललंय तुमचं? उठवायचं का त्याला? तू खांदे धर, मी पाय धरतो."

"पायाला हात लावू नका." रंगनाथचे दंड थरथरू लागले होते. त्याने पाठ बुंध्याला आणखी रेटली, टाचा मातीत रोवल्या आणि मान न वळवता तो म्हणाला, "मुकादम, दुसरा दोर आणा."